दोन कुलपांची वाईन

१२ फेब्रुवारी १९७८, रविवार

पावसाळ्यात फुललेली मृगबहाराची संत्री तोडायला सुरुवात केली. अंगणात बाया सोलायला बसल्या आहेत. फोडीवरची पांढरी शीर किंवा बी राहिली की वाईन पुढे कडू होते. दर वर्षी मी तेच तेच सांगत फिरतो आणि दर वर्षी बाया हसतात. माझी बायको भागीरथा हसत नाही. ती सगळ्यांपेक्षा स्वच्छ सोलते, पण रसाचं बोटसुद्धा तोंडाला लावत नाही. तिचा भाऊ बाबाराव पिपरी मेघे गावात मोहाची दारू पिऊन पिऊन गेला, त्याला बरीच वर्षं झाली. मी तिला कधी चव घे म्हटलं नाही. तिनंही मला कधी हे करू नका म्हटलं नाही. आमचं ठीक चाललं आहे.

पुन्हा दैनंदिनी लिहायला घेतली, कारण लोकांना समजावून सांगण्याचा आता कंटाळा आला. नागपूरच्या फळप्रक्रिया केंद्रात नोकरीला असताना मी हे काम शिकलो. नोकरी सोडून आंजीला घरच्या बागेत आलो आणि रीतसर परवाना काढला. मग जिल्हा दारूबंद झाला. परवाना आधीचा, म्हणून रद्द झाला नाही. पण अटी आल्या. बनवा, जिल्ह्यात मात्र थेंब विकायचा नाही. सगळा माल पास काढून बाहेर न्यायचा. आणि पिंपांच्या खोलीला दोन कुलपं, एक माझं, एक दारूबंदी खात्याचं. खात्याची किल्ली इन्स्पेक्टरजवळ. तो दर गुरुवारी वर्ध्याहून येणार, तेव्हाच खोली उघडणार.

वाईनला वार कळत नाही.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

नवे इन्स्पेक्टर आले. प्रभाकरराव नाव, सांगलीकडचे. पोरगेलेसे आहेत, पण बोलणं अदबीचं. सायकल अंगणाबाहेर लावली, चपला काढल्या आणि खोलीत शिरताना देवळात शिरल्यासारखी मान वाकवली. चौकट ठेंगणी आहे म्हणून असेल.

फसफस चांगली चालली आहे. कान लावला तर पिंपात पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. त्यांनाही ऐकवला.

"तुम्ही स्वतः घेता का?" त्यांनी विचारलं.

"चव पाहतो. पिणं म्हणाल तर नाही."

"मीही घेत नाही," ते म्हणाले, आणि का कुणास ठाऊक, ओशाळले.

मी त्यांना म्हटलं, सोमवारी गाळ खाली बसेल, त्याच दिवशी वरची वाईन दुसऱ्या पिंपात काढायला पाहिजे. तुम्ही सोमवारी याल का? ते म्हणाले, सोमवारी हिंगणघाटची पाळी असते. मग गुरुवारीच काढू, म्हटलं. तीन दिवस गाळावर राहील. राहू दे. पहिल्या वर्षी मी अशा गोष्टीसाठी भांडायला वर्ध्याला गेलो असतो.

१९ मार्च, रविवार

आमच्या मुलीला, नलूला, पाहायला पुलगावचे पाहुणे आले होते. मुलगा गिरणीत कारकून आहे. माणसं भली वाटली. मुलाच्या वडिलांनी विचारलं, तुमचा व्यवसाय काय. मी त्यांना खोलीच्या दारापर्यंत नेलं. दोन कुलपं का, किण्वानं रस कसा फसफसतो, संत्र्याची वाईन आणि भट्टीची दारू यांत फरक कोणता, सगळं सांगितलं. पाहुण्यांनी लक्ष देऊन ऐकलं. परत येऊन बसले तेव्हा त्यांच्या सौभाग्यवतींनी चहाची बशी तशीच खाली ठेवली.

"कळवतो," म्हणाले.

भागीरथाला मी म्हटलं, "माणसं समजदार दिसली. किती बारीक चौकशी केली."

"हो," ती म्हणाली, आणि चहाच्या कपबशा उचलून आत गेली.

३० मार्च, गुरुवार

पुलगावहून नकार आला. कारण कळवलं नाही. आजकाल मुलांना गोऱ्या मुली लागतात, दुसरं काय.

११ एप्रिल, मंगळवार

आनंदाची बातमी. नागपूरच्या एका हॉटेलाला गेल्या सालची वाईन पसंत पडली. पेट्या पाठवा म्हणाले. पास काढायला वर्ध्याला गेलो. तिथला साहेब म्हणाला, आधी नागपूरच्या ऑफिसची संमती आणा. नागपूरला गेलो. ते म्हणाले, माल निघतो तिथल्या ऑफिसानं आधी लिहायला पाहिजे. परत वर्ध्याला आलो. शेवटी प्रभाकररावांनी स्वतः उभं राहून पास करून दिला. पासवर गाडीचा नंबर, निघायची तारीख, पोचायची तारीख आणि रस्ता लिहिलेला आहे: वर्धा, सेलू, केळझर, बुटीबोरी, नागपूर. हाच रस्ता. दुसरा नाही.

गाडी जामच्या मोतीलालची ठरवली आहे. त्याचं जामच्या चौरस्त्यावर दुकान आहे आणि दोन ट्रक आहेत. जुना ओळखीचा माणूस.

१७ एप्रिल, सोमवार

गाडी पकडली.

मोतीलालनं आपली चन्याची पोती चढवायला ट्रक जामवरून फिरवून नेला. तिथं तपासणी झाली. पास खरा, माल खरा, नंबर खरा, पण पासवर जामचं नाव नाही. म्हणजे माल बेकायदा. दोन दिवस ट्रक चौकीसमोर उन्हात उभा होता. मी पोचलो तेव्हा ताडपत्रीखालून गोड वास येत होता. उन्हानं बुचं उसळली होती.

मोतीलाल हात जोडून उभा होता. "रूपरावजी, गलती झाली. मले काय मालूम, दारूले रस्ता ठरलेला असते म्हनून? चन्याले तं कोनी इचारत नाई."

"वाईन आहे ती, मोतीलाल."

"तेच जी. मोठी तारीफ झाली तुमच्या मालाची. ढाब्यावरचे लोक म्हनत, असा माल बंबईलेबी भेटत नाई."

एवढ्या मनस्तापात तेवढं एक बरं वाटलं. काही बाटल्या कमी भरल्या. गाडी हादरते, फुटल्या असतील.

प्रभाकररावांच्या सांगण्यावरून माल सोडला, पण परत आंजीला न्यायच्या अटीवर. हॉटेलवाल्यानं निरोप पाठवला की आता गरज नाही.

४ मे, गुरुवार

प्रभाकरराव आले नाहीत. शिपायाकडून निरोप आला, त्यांना पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं आहे. किल्ली त्यांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्याजवळ. दुसरा कोणी येईल का? शिपायाला माहीत नव्हतं.

ऊन फार आहे. या दिवसांत लाकडातून वाईन आटते. पिंप वरून रिकामं झालं की हवा शिरते आणि हवा शिरली की वाईन आंबट होते. आठवड्याला उघडून काठोकाठ भरलं पाहिजे. शिपायाला हे सांगितलं. तो म्हणाला, "भरू देलं पाह्यजे, हे मी सांगतो साहेबाले." कोणत्या साहेबाला, ते त्यालाही सांगता आलं नाही.

१८ मे, गुरुवार

आजही कोणी नाही. वर्ध्याला जाऊन आलो. अर्ज घेतला.

२५ मे, गुरुवार

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस. दुपारी दाराच्या फटीला नाक लावलं. आत आंबट वास आहे. थोडा आहे, पण आहे.

मी दारासमोर बसून होतो. भागीरथा आली. तिच्या हातात लाकडं फोडायची कुऱ्हाड होती. तिनं ती माझ्यासमोर ठेवली.

"तोडा," ती म्हणाली.

"काय तोडा?"

"ते दुसरं कुलूप. कवापासून कुत्र्यावानी वास घेऊन राह्यले तुमी. तोडा आन् भरा तुमची पिंपं."

"सरकारी कुलूप आहे ते. तोडलं तर परवाना जाईल. आत टाकतील."

"मंग मी तोडतो. बाईले काय करतीन?"

मी कुऱ्हाड उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवली.  तिनं विहिरीवरून घागर आणली, गोणपाटं भिजवली आणि दाराला बाहेरून लावायला लागली. मग मीही उठलो. दिवस बुडेपर्यंत दोघांनी दार आणि भिंती ओल्या ठेवल्या. आत किती गारवा पोचला, देव जाणे. मला मात्र तिचं नवल वाटलं. जी बाई रसाला बोट लावत नाही, ती कुऱ्हाड घेऊन येते.

८ जून, गुरुवार

प्रभाकरराव पुण्याहून आले. दार उघडल्याबरोबर तेच दोन पावलं मागे सरले. दोन पिंपं पार गेली. वर वाईन आंबवणारी साय धरली आहे. उरलेली अजून शुद्ध आहेत, पण काठावर.

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "रूपराव, आंबलेल्या मालाची नोंद मला वाईन म्हणूनच ठेवावी लागेल. नष्ट करायची तर वरून मंजुरी लागेल. पण एक सांगू? सिरका, म्हणजे व्हिनेगर, आमच्या कायद्यात येत नाही. उद्या या खोलीत सगळा सिरकाच असला, तर माझं कुलूप इथं राहायचं कारण नाही."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या सोयीसाठी मी माझा माल नासवू?"

"माझ्या सोयीसाठी नाही हो," ते म्हणाले. पाणीही न पिता गेले.

एवढा सालस वाटला होता माणूस. शेवटी खात्याचाच.

२ जुलै, रविवार

नाल्यापलीकडे भट्टी लागते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तिथं ना पास, ना कुलूप, ना गुरुवार. आज तिथलाच एक गिऱ्हाईक झिंगत माझ्या दारात आला. "रूपरावभाऊ, तुमची सरकारी द्या ना एक गिलास. नाल्यावरची पोटात जळते."

मी म्हटलं, "बाबा, मला विकता येत नाही."

"विकू नका, तशीच द्या."

"देताही येत नाही."

तो माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहत राहिला. "मंग बनवता कायले?"

 नलूनं त्याला ताक दिलं, ते पिऊन गेला.

१६ जुलै, रविवार

आर्वीचे पाहुणे येऊन गेले. पुढच्या ओसरीत, सपरीत, बसवलं होतं. या वेळी मी व्यवसायाबद्दल कमी बोललो. तरी ते लवकर उठले. नलूनं केलेल्या चिवड्याला कोणी हात लावला नाही.

ते गेल्यावर भागीरथाला म्हटलं, "नलूचा रंग थोडा सावळा आहे, त्याला काय करणार?"

ती भांडी घासत होती. घासायची थांबली. "नलूच्या रंगाले काई झालं नाई. सपरीत बसलं की ते सरकारी कुलूप दिसते."

खरं आहे. पितळी आहे, मोठं आहे, त्यावर लाखेचं सील आहे. उठून दिसतं. नलूच्या जुन्या लुगड्याचा पडदा करून दारावर लावला. आता सपरीतून दिसत नाही.

भागीरथानं पडदा पाहिला आणि भांड्यांकडे परत गेली. तिची तब्येत बरी नसावी, हल्ली फार गप्प असते.

३ ऑगस्ट, गुरुवार

नवीन अट आली. परवाना पुढं चालवायचा तर ग्रामसभेची ना हरकत पाहिजे. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर विषय घेतो, असं सरपंच म्हणाले. प्रभाकररावांनी खाली पाहत अट वाचून दाखवली. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलतो आता.

घाबरायचं कारण नाही. गावातल्या कोणाला माझ्यामुळे एक घोटही मिळालेला नाही. माझी वाईन प्यालेला माणूस आंजीत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे.

१५ ऑगस्ट, मंगळवार

 जमेल तेवढं लिहितो.

शाळेच्या पटांगणात सभा झाली. बाया एरवी येत नाहीत, आज पुष्कळ आल्या होत्या. मी उभा राहून सांगितलं: बाग माझी, फळ माझं, माल बाहेर जातो, गावात थेंब नाही. लोकांनी ऐकून घेतलं. मग मनकर्णाबाई उठल्या. त्यांच्या घरचं कोणाला सांगायची गरज नाही, नवरा आणि थोरला मुलगा दोघंही नाल्यावरच पडलेले असतात.

"रूपरावभाऊ वाईट मानूस नाई," त्या म्हणाल्या. "पन आमी नाल्यावरची भट्टी बंद करा म्हनून गेलो, तं वर्ध्याचा साहेब म्हनते, तुमच्या गावात तं परवान्याचीच दारू बनते, आधी ते पाहा. तेच कारन सांगून आमाले परत लावते. आमी कोनाच्या दारात जावं?"

मी म्हणणार होतो की दोन्हींत फरक आहे. किण्व आणि भट्टी. किती वेळा सांगितलं आहे मी हे. उभा राहिलो आणि पुन्हा खाली बसलो.

सरपंच म्हणाले, परवाना नको, असं ज्यांचं मत आहे त्यांनी हात वर करा. बायांचे हात वर गेले. काही पुरुषांचेही गेले. आणि बायांच्या मधोमध भागीरथाचा हात होता.

मला वाटलं तिला विषय कळला नाही. मी तिच्याकडे पाहिलं. तिनंही माझ्याकडे पाहिलं. हात खाली केला नाही.

१६ ऑगस्ट

  नलू आम्हा दोघांना वेगवेगळं जेवायला वाढते आहे.

१९ ऑगस्ट, शनिवार

आज बागेत मी झाडांना आळी करत होतो, तिथं भागीरथा आली. मीच विचारलं.

"भावासाठी हात वर केलास?"

"नाई."

"नलूसाठी?"

"तिच्यासाठी बी. पन तेवढ्यासाठीच नाई." ती आळ्याच्या काठावर बसली. "तुमची वाईन वाईट हाय, असं मी कवा म्हनलं? नागपूरची नोकरी सोडून आले तवा तुमी गानं म्हनत पिंपं धुवत होते. आता गुरुवार आला की सकाळपासून रस्त्याकडं पाहता. बाकीचे दिवस त्या दारासमोर बसता. एका कुलपासमोर बसून मानूस म्हातारा झाला माह्या डोळ्यांदेखत. मी तोडतो म्हनलं, तं तोडू देलं नाई. मंग दुसरं काय होतं माह्या हातात?"

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. मी फावडं ठेवलं आणि तिच्याजवळ बसलो. पावसाची भुरभुर होती, तरी दोघं बसून राहिलो. तिनं पदर माझ्याही डोक्यावर धरला.

२४ ऑगस्ट, गुरुवार

प्रभाकरराव आले. परवाना वर्षअखेरीस संपेल, पुढं मिळणार नाही. शिल्लक माल बाहेर न्यायचा तर आता पासही कठीण. मोतीलालनं सुचवलं होतं की जामच्या पुढं जिल्हा संपतो, तिकडं शेड टाका. पण झाडं कोण उचलून नेणार?

मी त्यांना विचारलं, "सिरक्याचं तुम्ही म्हणाला होता, ते खरं आहे?"

"खरं आहे."

"मग आज खोली जरा जास्त वेळ उघडी ठेवा."

त्यांनी मान डोलावली, पण लगेच आत आले नाहीत. दारातच थांबले. मी एकेका पिंपाचं बूच काढलं, वरची वाईन थोडी कमी केली आणि बिघडलेल्या पिंपातली साय वाटीनं घेऊन चांगल्या पिंपांत सोडली. इतकी वर्षं ज्या हवेला आत येऊ दिलं नाही, तिला वाट करून दिली. जामहून परत आलेल्या बाटल्या बिघडलेल्या पिंपांत ओतल्या आणि सगळ्यांच्या तोंडांवर नुसतं फडकं बांधलं.

शेवटच्या पिंपाशी मात्र थांबलो. गेल्या वर्षीची होती ती, सर्वांत चांगली उतरलेली. पेल्यात थोडी काढली आणि उजेडात धरली. प्रभाकरराव दुसरीकडे पाहत होते. मी पूर्ण पेला प्यालो. चव पाहण्यासाठी नाही. मग त्यातही साय सोडली.

बाहेर आलो तेव्हा प्रभाकररावांनी मला पाणी दिलं. मी या माणसाला फार बोललो होतो. तसं त्यांना म्हणालोही.

"तुम्ही बोललात ते बरंच झालं," ते म्हणाले. "मला कोणीतरी बोलायलाच हवं होतं."

९ नोव्हेंबर, गुरुवार

तपासायला पाठवलेल्या नमुन्यांचा निकाल आला: सगळा सिरका, मद्य नाही. प्रभाकररावांनी आपलं कुलूप काढलं, लाखेचे तुकडे हातानं झटकले आणि कुलूप सायकलच्या पिशवीत टाकलं. आता येणं होणार नाही, म्हणाले. भागीरथानं त्यांना जेवूनच जायला लावलं. ते दोनदा भाजी मागून घेऊन जेवले.

वर्ध्याचा एक लोणचीवाला सिरका घेतो म्हणतो. त्याला पास लागत नाही. पोत्यांवर ठेवून, बैलगाडीत टाकून, कोणत्याही रस्त्यानं न्या. पहिल्या खेपेला मी सवयीनं रस्ता लिहून घेतला, तर नलूला हसू आवरेना.

सिरका चांगला झाला आहे. लोक तारीफ करतात. मला वास सहन होत नाही.

११ फेब्रुवारी १९७९, रविवार

नलूसाठी देवळीहून विचारणा आली आहे. पाहू.

मृगबहार तयार आहे. या वर्षी बाग झाडावरच नागपूरच्या व्यापाऱ्याला दिली. त्याची माणसं सकाळपासून तोडत आहेत. सोलायला कोणी बसलं नाही, अंगण मोकळं आहे. काही काम नसल्यानं बांधावर बसलो होतो. भागीरथा आली, तिनं एक संत्रं सोललं, अर्धं मला दिलं आणि अर्धं स्वतः खाल्लं. शिरा काढल्या नाहीत, बिया थुंकल्या. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी आमच्या बागेतलं संत्रं असं नुसतं बसून खाल्लेलं मला आठवत नाही.

"गोड हाय," ती म्हणाली.

गोड होतं. यंदा ऊन आणि थंडी दोन्ही वेळेवर पडली होती. याचा रस किती दिवसांत फसफसला असता, वाईन किती चढली असती, हे मनात येऊन गेलं. आणखी एक फोड तोंडात टाकली.

"हो," म्हटलं, "यंदाची फार चांगली उतरली आहेत."